व्हॅनिटीच्या जनरेटरपर्यंत हात पोचावा म्हणून

मे महिन्यातली रात्रीची शिफ्ट होती. गोरेगावच्या फिल्मसिटीत आमची तीन रूमची व्हॅनिटी, म्हणजे कलाकारांची मेकअप आणि विश्रांतीची गाडी, उभी होती. पावणेदोनला जनरेटरचा फॅनबेल्ट तुटला. नवा बेल्ट माझ्याकडे होता, पाने होते, टॉर्च होता. इंजिन मोकळ्यावर असेल तर हा बेल्ट बदलायला मला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्या रात्री साडेतीन तास लागले. फॅनच्या जाळीचे दोन बोल्ट आतल्या पार्टिशनकडे होते आणि तिथे पाना फिरायला जागाच नव्हती. शेवटी सायलेन्सर सोडवला, तोही गरम असताना. उजव्या हाताला कोपरापर्यंत भाजलं. तेवढा वेळ एक ज्येष्ठ अभिनेत्री नऊवारी, अंबाडा आणि पूर्ण दागिन्यांत बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र ते फार लागलं.

मी मूळचा देवगडचा. चौदा वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली, वायपर म्हणजे अगदी खालच्या हुद्द्यापासून फिटरपर्यंत. जहाजावर एखादा कूलर बसवायचा असेल तर त्याची नळी बाहेर ओढायला समोर तेवढी मोकळी जागा आधी सोडतात. जड पंपाच्या डोक्यावर चेनब्लॉक लावायला कडी असते. आमच्या व्हॅनिटीची बॉडी बांधणाऱ्याने आधी जनरेटर ठेवला आणि मग त्याच्याभोवती भिंती उभ्या केल्या. अशा गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांचं ऑइल वेळेवर बदललं जात नाही. लोक जनरेटर सांभाळणाऱ्या पोरांना कामचुकार म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्या फिल्टरपर्यंत हातच पोचत नाही तो फिल्टर पोरगा बदलणार कसा? म्हणून त्या पावसाळ्यात, शूटिंग कमी असताना, मी जनरेटरचा कप्पा नव्याने केला. काय केलं आणि कोणत्या क्रमाने केलं ते लिहितो.

आधी गाडी कशी आहे ते सांगतो. बसच्या चॅसीवरची व्हॅनिटी. जनरेटर १५ केव्हीए, तीन सिलिंडर, पाण्यावर थंड होणारा, १५०० आरपीएमचा. मागच्या चाकांच्या पाठीमागे आडवा बसवलेला. रेडिएटर डाव्या बाजूच्या जाळीकडे, वीज तयार करणारा आल्टरनेटर उजवीकडे. इंजिनला दोन बाजू असतात. एका बाजूला ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, ऑइलची काडी. दुसऱ्या बाजूला सायलेन्सरकडे जाणारा धुराचा मॅनिफोल्ड. आमच्याकडे कामाची बाजू मेकअप रूमच्या पार्टिशनकडे आणि तापणारी बाजू मागच्या दरवाजाकडे होती. म्हणजे दार उघडलं की समोर फक्त गरम लोखंड.

खडू आणि वही

ग्राइंडर हातात घेण्याआधी दोन दिवस नुसतं बघा. जिथे जिथे हात लावावा लागतो त्या प्रत्येक ठिकाणी खडूने आकडा घाला: ऑइलची काडी, ऑइल भरायचं झाकण, चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा) बुच, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा सेपरेटर, एअर फिल्टर, रेडिएटरचं झाकण, फॅनबेल्ट, बेल्ट ताणायचा बोल्ट, सेल्फ, बॅटरी, आल्टरनेटरचा टर्मिनल बॉक्स, टॅपेट कव्हर. वहीत प्रत्येकापुढे चार प्रश्न लिहा. डोळ्याला दिसतं का? हात पोचतो का? पाना फिरतो का? आणि सुटलेला भाग बाहेर येतो का?

चौथा प्रश्न लोक विसरतात. फिल्टरला हात लागतो, तो सैलही होतो, पण खाली काढताना चेंबरची कड आडवी येते आणि तेलाने भरलेला फिल्टर तिरका होऊन सगळं ऑइल सांडतं. एअर फिल्टरचं एलिमेंट बाहेर ओढायला त्याच्या स्वतःच्या लांबीइतकी जागा लागते. ती टेपने मोजा, अंदाज करू नका.

मग प्रत्येकापुढे ते काम किती वेळा करावं लागतं ते लिहा. इथे एक हिशेब आहे. शिफ्ट बारा तासांची, त्यातले नऊ-दहा तास जनरेटर चालतो. तुमच्या इंजिनच्या पुस्तकात ऑइल २५० तासांनी बदला असं लिहिलं असेल, तर सलग शूटिंगमध्ये ते दिवस पंचवीस-अठ्ठावीसच भरतात. गाडीच्या इंजिनची सर्व्हिस वर्षातून एक-दोनदा करणाऱ्या मालकाला हे पटायला वेळ लागतो, पण चाललेले तास मोजणारं अवरमीटर खोटं बोलत नाही. तुमच्या मशीनचे तास तुमच्या पुस्तकातूनच घ्या, दुसऱ्याच्या मशीनचे घेऊ नका.

यावरून मी तीन थर ठरवले. रोजचं काम, म्हणजे ऑइलची काडी, कूलंट, गळती, सेपरेटरमधलं पाणी, एकही बोल्ट न सोडता झालं पाहिजे. महिन्याचं काम, म्हणजे ऑइल, फिल्टर, बेल्टचा ताण, एकाच मापाच्या पान्याने. वर्षातून एकदाचं काम, म्हणजे टॅपेट, इंजेक्टर, सेल्फ, त्यासाठी जनरेटर बाहेर ओढावा लागला तरी चालेल.

दरवाजा कुठे पाडायचा हे ठरवताना गाडी कुठे उभी राहते ते डोळ्यांसमोर आणा. गॅरेजात चारही बाजू मोकळ्या असतात. सेटवर चार-पाच व्हॅनिटी शेजारी शेजारी लावतात, मधे जेमतेम माणूस जाईल एवढी फट. मागे भिंत किंवा फिल्मसिटीला लागून असलेल्या आरेची झुडपं. गाडी बाजूला सरकवता येत नाही, पण तिचं स्वतःचं इंजिन चालू असेल तर मीटरभर पुढे घेता येते. म्हणून मी मोठं काम मागच्या बाजूने आणि छोटी कामं उजव्या बाजूच्या लहान झडपेतून, म्हणजे छोट्या दारातून, असं ठरवलं.

जनरेटर उलटा फिरवून ठेवायचाही विचार केला होता. तो सोडून दिला. तापलेला मॅनिफोल्ड मेकअप रूमच्या प्लायवूडला लागून आला असता, आणि गरम हवा उजवीकडे शेजारच्या गाडीच्या दारात गेली असती.

ट्रे न करताही होणारी कामं

जनरेटर ज्यावर बसवून बाहेर ओढता येतो तो सरकता ट्रे सगळ्यांनी करायची गरज नाही. माझ्या ओळखीच्या एका गाडीत आम्ही फक्त पुढची तीन कामं केली आणि तिचा मालक समाधानी आहे.

पहिलं, चेंबरचा बुच. त्याच्या जागी बॉल व्हॉल्व्ह आणि त्याला गरम तेलाला टिकणारा हायड्रॉलिक होज लावून तो कप्प्याच्या कडेपर्यंत आणला. पाण्याचा प्लास्टिक पाइप किंवा डिझेलची साधी नळी इथे लावू नका, गरम ऑइलने ती मऊ पडते. लोखंडी पाइपही नको. इंजिन त्याच्या खालच्या फाउंडेशन रबरवर हलतं, पाइप हलत नाही, आणि मग चेंबरच्या आट्यांना तडा जातो. होजच्या टोकाला पितळी झाकण घट्ट बसवा. व्हॉल्व्ह कंपनाने उघडला तरी झाकण तेल धरून ठेवतं. व्हॉल्व्हच्या दांड्याला मी स्प्लिट पिन घालतो. होजला चेंबरपासून कडेपर्यंत सारखा उतार हवा, मधे झोळ राहिला तर जुनं ऑइल तिथेच साचतं. आणि ऑइल कोमट असताना सोडा, गाळ त्याच्याबरोबर बाहेर येतो.

ऑइल फिल्टर लांब नेण्याचं किट मिळतं, दोन होज आणि एक ब्लॉक. पुष्कळ जण ते सुचवतात. मी लावलं नाही, लावणारही नाही. ड्रेनच्या होजमध्ये दाब नसतो. फिल्टरच्या होजमध्ये इंजिनचा पूर्ण ऑइल प्रेशर असतो. तो रात्री तीनला फुटला तर कोणाच्या लक्षात येईपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं. फिल्टर जिथे आहे तिथेच राहू द्या, त्याच्यापर्यंत हात जाईल अशी झडप गाडीच्या बाहेरच्या बाजूला पाडा.

दुसरं, डिझेल फिल्टर आणि सेपरेटर. हे मी पार्टिशनकडच्या बाजूने काढून उजव्या झडपेच्या आत, उभ्या अँगलवर लावले. इथे सांभाळायचं ते हवेला. टाकी ते पंप या भागात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. एखादा क्लॅम्प किंचित सैल असला तर डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते, आणि इंजिन पंधरा मिनिटं चालून धापा टाकत बंद पडतं. म्हणून नळी शक्य तेवढी आखूड, जोड शक्य तेवढे कमी, आणि हँडपंप हाताशी. सेपरेटरची वाटी काचेची किंवा पारदर्शक असेल तर पाणी साचलेलं रोज नजरेला पडतं. तिच्याखाली एक कप मावेल एवढी जागा ठेवा.

तिसरं, कूलंटची बाटली. ती डोळ्याच्या उंचीवर, झडपेच्या आत आणली. रेडिएटरचं झाकण मात्र हलवलं नाही. भरायची जागा पूर्ण रचनेत सगळ्यात वर असावी लागते, नाहीतर हेडमध्ये हवा अडकते आणि काटा नॉर्मल दाखवत असतानाही इंजिन तापतं.

सरकता ट्रे

वर्षाची मोठी कामं आणि तो बेल्ट, यांच्यासाठी ट्रे लागणारच होता. आधी वजन. वजनकाट्यावर आमचा जनरेटर बेसफ्रेमसकट ४८० किलो भरला. कॅटलॉगवर विसंबू नका. कॅनोपीचं (वरच्या पत्र्याच्या पेटीचं), रेडिएटरमधल्या पाण्याचं आणि ऑइलचं वजन त्यात धरलं आहे की नाही ते कळत नाही.

पूर्ण बाहेर येणारा ट्रे दिसायला छान वाटतो. मी ५५० मिलिमीटरच बाहेर येईल असा केला. तेवढ्यात इंजिन आणि पार्टिशन यांच्यामधे खांदा घालता येईल एवढी जागा होते, आणि वजनाचा मध्य फार बाहेर जात नाही. पूर्ण बाहेर आला असता तर आतल्या रुळांवर उचलणारा जोर कितीतरी वाढला असता.

रुळासाठी वेल्डरने बाजारातलं चॅनेल आणलं होतं. ते परत पाठवलं. त्या चॅनेलच्या कडा आतून उतरत्या असतात. बेअरिंग त्यावर सपाट बसत नाही, एका कडेवर चालतं आणि चर पाडतं. आम्ही ६ मिलिमीटरची प्लेट प्रेसवर वाकवून सरळ कडांचे रूळ करून घेतले, आतून ५४ मिलिमीटर. त्यात ६२०५ नंबरची बेअरिंग, बाहेरून ५२ मिलिमीटर, दोन्ही बाजूंना रबर सील असलेली. एका बाजूला चार. ट्रे बाहेर आला की बाहेरची बेअरिंग खालच्या कडेवर दाबतात आणि अगदी आतली दोन वरच्या कडेला ढकलतात. म्हणून वरची कडही खालच्याइतकीच मजबूत हवी. माझ्या वेल्डरने ती आधी पातळ धरली होती, समजावल्यावर बदलली.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी: गाडी चालताना जनरेटरचं वजन बेअरिंगवर राहता कामा नये. रस्त्याच्या खड्ड्यांत ४८० किलो आपटत राहिले तर बेअरिंगच्या गोळ्या त्याच जागी खळगे पाडतात, आणि सहा महिन्यांनी ट्रे खडखड करत अडकतो. मी ट्रेच्या चारही कोपऱ्यांखाली उतरत्या पाचरी लावल्या. ट्रे शेवटचे चार बोटं आत जाताना पाचरींवर चढतो आणि बेअरिंगवरचा भार सुटतो. मग चार बोल्ट, नायलॉनच्या नटसह, आणि त्याशिवाय दोन्ही बाजूंना एकेक आडवी पिन. पिन बसली नसेल तर मागचं दार बंदच होत नाही, अशी पट्टी दारावर आतून वेल्ड केली आहे. पॅकअपनंतर पहाटे पाचला दमलेल्या माणसाच्या आठवणीवर मी हे सोडणार नाही.

फाउंडेशन रबर जिथे होते तिथेच, जनरेटरची बेसफ्रेम आणि ट्रे यांच्यामधे. ट्रेखाली आणखी रबर घालू नका, इंजिन झुलायला लागतं.

ट्रे बाहेर काढला की टोकाखाली दोन स्क्रूजॅकचे पाय लावतो, खाली फळीचे तुकडे. पावसात आरेची माती मऊ असते, पाय रुततो. आणि गाडीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके.

चॅसीबद्दल: चॅसीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्डही मारू नका. ताण तिथेच सगळ्यात जास्त असतो, तडा तिथूनच सुरू होतो. उभ्या बाजूला कंपनीची भोकं असतात ती वापरा. वेल्डिंगआधी गाडीची बॅटरी सोडवा, आणि बीएस-६ गाडी असेल तर ईसीएमचे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचे, कनेक्टरही. वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ पकडा. बॉडीची लांबी-रुंदी बदलणार असेल तर आधी आरटीओत विचारा, नोंदणीतला तपशील बदलेल अशा फेरफाराला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. आमचं सगळं कप्प्याच्या आतच राहिलं.

जे जनरेटरबरोबर सरकतं आणि जे सरकत नाही

ट्रे झाला की लोकांना वाटतं काम संपलं. माझे चार दिवस इथेच गेले.

डिझेलच्या दोन नळ्या, एक जाणारी आणि एक परत येणारी. दोन्हींना ५५० मिलिमीटरच्या वर हातभर वळसा हवा आणि तो वळसा मॅनिफोल्डपासून लांब. बॅटरीची केबल, पॅनेलची केबल आणि आउटपुटची जाड केबल मी एका साखळीसारख्या प्लास्टिक कॅरिअरमधून नेल्या. कारखान्यातल्या मशीनवर असतो तो. कुर्ल्याला जुन्या मशीनच्या सुट्या भागांत मिळाला. अर्थसाठी विणलेली तांब्याची पट्टी.

सायलेन्सर ट्रेबरोबर आणायचा नाही. लोक इथे फ्लेक्झिबल बेलो, म्हणजे धुराच्या पाइपातला घड्यांचा लवचिक तुकडा, लांबवून काम भागवायला बघतात. तो बेलो इंजिनच्या थरथरीसाठी असतो, हातभर ताणण्यासाठी नाही. एक-दोनदा ओढला की त्याच्या घडीत बारीक चीर जाते आणि धूर कप्प्यात येतो. मी बेलोच्या पुढे व्ही-क्लॅम्पचा जोड केला. ट्रे ओढण्याआधी तो सोडवायचा. एक नट, दोन मिनिटं. परत जोडताना पॅकिंग नवं. मग इंजिन थंड असतानाच चालू करून जोडावर साबणाचं पाणी शिंपडायचं. बुडबुडे आले तर परत घट्ट करायचा.

रेडिएटरने माझी खरी परीक्षा घेतली. रेडिएटरमधून निघालेली गरम हवा जाळीतून थेट बाहेर गेली पाहिजे. रेडिएटर आणि जाळी यांच्यामधे फट राहिली तर तीच गरम हवा फिरून आत येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. आधी तिथे कॅनव्हासचा पट्टा स्क्रूने बसवलेला होता. आता रेडिएटर ट्रेबरोबर मागे जातो, त्यामुळे पट्टा कायमचा जोडता येईना. पहिल्यांदा स्पंज लावला, तो दोनदा ट्रे ओढल्यावर फाटला. मग बसच्या दाराला लागतं तसं पोकळ रबर बीडिंग रेडिएटरच्या चौकटीवर चारही बाजूंनी लावलं आणि जाळीच्या बाजूची चौकट जराशी तिरपी केली. ट्रे आत जाताना शेवटच्या दोन इंचांत बीडिंग दाबलं जातं. तोपर्यंत ते कशालाही घासत नाही. हे बसल्यावर तिन्ही एसी चालू ठेवून दुपारी दोन तास चालवला, तापमान स्थिर राहिलं.

थंड हवा आत येण्याची जाळी रेडिएटरच्या जाळीच्या सव्वा ते दीडपट ठेवा. आणि मागचं दार उघडं ठेवून जनरेटर चालवल्याने तो जास्त थंड राहतो असं समजू नका. हवेची वाट बदलते आणि काही वेळा उलट तापतो.

वरून झडप पाडू नका

सगळ्यात सोपा उपाय म्हणून मला दोघांनी सांगितलं होतं, मेकअप रूमच्या जमिनीत झाकण कर, वरून सगळं हाताशी येईल. खरंच येईल. तरीही नको.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. एसी लावून विश्रांती घेत होती. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातल्या भोकातून आत आला, असं तपासणीत निघालं. या वायूला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप येते आणि तो उठत नाही. आमच्या गाडीत कलाकार दुपारी दार लावून झोपतात, त्यांच्याबरोबर कधी लहान मुलं असतात.

म्हणून कप्पा आणि रूम यांच्यामधल्या भिंतीला आणि जमिनीला एकही नवं भोक मी पाडलं नाही. जुनी जी होती, केबलची, एसीच्या पाइपची, एका न वापरलेल्या बोल्टचीही, ती आगीला टिकणाऱ्या सीलंटने बुजवली. रात्री कप्प्यात दिवा लावून रूममध्ये अंधार करा, प्रकाश जिथून झिरपतो तिथे भोक आहे. आम्हाला अशी सात सापडली, त्यातलं एक अंगठ्याएवढं बेसिनच्या पाइपामागे होतं. तिन्ही रूममध्ये सेलवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला आहे आणि दर सोमवारी त्याचं बटण दाबून बघतो. तुम्ही या लेखातलं दुसरं काहीही करू नका, पण हे करा.

भिंतीला आतून आवाजासाठी जो स्पंज असतो तोही बघा. साधा फोम डिझेल आणि ऑइल पिऊन बसतो आणि ठिणगी मिळाली की पेटतो. मी तो खरवडून काढला, रॉकवूल लावलं आणि वर भोकांचा पत्रा.

झडपा, दारं आणि बारीकसारीक

उजवी झडप ४०० बाय ५०० मिलिमीटर, बिजागऱ्या वरच्या बाजूला, दोन गॅस शॉकर. पावसात तीच डोक्यावर छप्पर होते. वरच्या कडेला पागोळी तोडणारी पत्र्याची पट्टी हवी, नाहीतर जुलैत बीडिंग कितीही चांगलं असलं तरी पाणी आत येतं. तळाला दोन निचऱ्याची भोकं, त्यांना जाळी. आरेत उंदीर भरपूर आहेत आणि ते सेल्फच्या वायरी कुरतडतात, म्हणून हवेच्या सगळ्या वाटांना बारीक जाळी. ती दर महिन्याला ब्रशने झाडावी लागते.

झडपेचे, दारांचे, गार्डचे सगळे बोल्ट १३ नंबरच्या पान्याचे केले. एक टी-पाना झडपेच्या आत क्लिपला लावलेला आहे आणि तो तिथून हलवायचा नाही असा नियम आहे. फॅनची जाळी पूर्वी एक अखंड होती, ती कापून दोन तुकड्यांत केली. अर्धी काढली की बेल्ट बसतो. पण जाळी काढून इंजिन चालवायचं नाही, तपासायलासुद्धा नाही.

कप्प्यात बारा व्होल्टचा एलईडी, झडप उघडली की लागणारा. तोंडात टॉर्च धरून काम करणं आता संपलं.

झडपेच्या आतल्या बाजूला पत्र्यावर ऑइल पेंटने लिहून ठेवलं आहे: ऑइल किती लिटर आणि कोणतं, ऑइल फिल्टरचा नंबर, डिझेल फिल्टरचा नंबर, बेल्टचा नंबर. त्याखाली पाटीसारखा काळा चौकोन, तिथे खडूने शेवटच्या सर्व्हिसचे तास. फोनमध्ये ठेवलेली माहिती माझ्या फोनबरोबर घरी जाते.

हात आत घालण्याआधी

आमच्या जनरेटरला लाइन (बाहेरून घेतलेली वीज) गेली की आपोआप चालू होणारं पॅनेल आहे. लोकेशनची लाइन लावलेली असताना तुम्ही बेल्टला हात घातलात आणि कोणी तिकडे लाइन काढली, तर सेल्फ लागेल. हे एका मुलाच्या बाबतीत होता होता राहिलं. त्याची बोटं वाचली ती केवळ बॅटरी उतरलेली होती म्हणून. तेव्हापासून क्रम असा: पॅनेल ऑफ, त्याची चावी काम करणाऱ्याच्या खिशात. मग झडपेच्या बाहेर लावलेला बॅटरीचा कटऑफ स्विच फिरवायचा. टर्मिनल सोडवायचं असेल तर आधी निगेटिव्ह. आल्टरनेटरच्या बॉक्सला हात लावायचा असेल तर लोकेशनची लाइनही बंद करून प्लग काढून ठेवायचा, लाइन आणि जनरेटर यांच्यात अदलाबदल करणाऱ्या चेंजओव्हर स्विचवर भरवसा नाही, आणि टेस्टरने बघायचं. दारावर "काम चालू आहे" अशी पाटी लटकवायची. लाल इमर्जन्सी स्टॉप एक पॅनेलवर होताच, दुसरा झडपेशेजारी लावला.

पहिले पन्नास तास

सगळं जोडल्यावर लगेच शिफ्टला पाठवू नका. मी गाडी आमच्या गल्लीत उभी करून तिन्ही एसी आणि गीझर लावले, दोन तास चालवला. मग घोडबंदरच्या खड्ड्यांतून ठाण्याला नेऊन आणली, परत येऊन प्रत्येक बोल्ट तपासला. घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टवर नटापासून प्लेटपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट फिरला आहे, पाना न लावता कळतं. पन्नास तासांनी माझ्या दोन रेघा तुटल्या होत्या, दोन्ही डावीकडच्या रुळाच्या. तिथे वॉशर बदलले, त्यानंतर हललेल्या नाहीत.

लोखंड, बेअरिंग, होज, मजुरी धरून ४१ हजार रुपये आणि अकरा दिवस गेले. परवा आमच्या गाडीवरच्या पोराने एकट्याने ऑइल, दोन्ही फिल्टर आणि बेल्टचा ताण, सगळं लंच ब्रेकमध्ये उरकलं, ट्रे ओढावाच लागला नाही. मी दूर चहा पीत उभा होतो. त्याने पाटीवर खडूने तास लिहिले, हात पुसले, झडप लावली आणि मला विचारलं, "काका, बेल्ट वर्षाचा होत आला, पावसाळ्याआधी नवा टाकू का?" टाक म्हटलं. पार्टिशनकडचं बीडिंगही एका कोपऱ्यात चेपलंय, तेही त्याच दिवशी बदलायचं आहे.